पेपर्ट यांचें कासव आणि आमचा शिक्षक

शिक्षणाच्या साधनांची परीक्षा आपण बहुधा बाजारांतील मालाप्रमाणें करतों. किंमत काय, किती शाळांना पुरविलें, परीक्षेंत किती गुण वाढले, एवढे तीन प्रश्न विचारले कीं आपलें समाधान होतें. एखाद्या नाटकाची परीक्षा कोणी याच मापांनीं करूं लागला, तर त्यास आपण अरसिक म्हणूं. मग ज्या साधनाशीं लक्षावधि मुलांचें मन रोज झटापट करीत असतें, त्याच्या वांट्यास ही अरसिक परीक्षा कां यावी? हा प्रश्न एका गणितज्ञानें विचारावा, हें वाङ्मयाच्या अध्यापकांस थोडें खजील करणारेंच आहे. सेमूर पेपर्ट यांनीं १९८७ सालच्या एका निबंधांत अशी मागणी केली कीं, वाङ्मयास जशी वाङ्मयसमीक्षा तशी संगणकासही त्याची समीक्षा असावी. आणि दोषारोप करण्यापेक्षां अर्थ उकलणें व वस्तु तिच्या योग्य जागीं ठेवून पाहणें हा तिचा हेतु असावा. ही मागणी प्रथम त्यांच्याच ग्रंथास लावून पाहावी असें प्रस्तुत लेखकास वाटतें. तो ग्रंथ म्हणजे १९८० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेला ‘माइंडस्टॉर्म्स’. आज आमच्या खेड्यांतल्या शाळेंतही मोबाइल व पडदा येऊन पोंचले असल्यामुळें, चार तपें जुना हा ग्रंथ आतां आमच्या घरचा झाला आहे.

पेपर्ट (१९२८–२०१६) मूळचे दक्षिण आफ्रिकेंतील प्रिटोरियाचे. गणिताचा अभ्यास संपवून ते जिनीव्हास मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याजवळ कांहीं वर्षें राहिले आणि नंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत गेले. मूल ज्ञान नुसतें घेत नाहीं, तें स्वतः रचीत असतें, हा पियाजे यांचा सिद्धान्त त्यांनीं बरोबर नेला. १९६७ सालीं सिंथिया सॉलोमन प्रभृति सहकाऱ्यांसह त्यांनीं मुलांसाठीं ‘लोगो’ नांवाची संगणकाची भाषा तयार केली. या भाषेच्या आज्ञेनें पडद्यावर एक ‘कासव’ चालतें व चालतां चालतां रेघ ओढतें. ‘१०० पावलें पुढें जा, ९० अंश उजवीकडे वळ’, ही आज्ञा चार वेळां दिली कीं चौरस उमटतो. ‘एक पाऊल पुढें, एक अंश उजवीकडे’, ही ३६० वेळां दिली कीं डोळ्यांस वर्तुळ दिसतें.

आतां मुलास समभुज त्रिकोण काढावयाचा आहे असें समजूं. त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हें त्यास पाठ असतें; म्हणून तें कासवास प्रत्येक बाजूनंतर ६० अंश वळावयास सांगतें. परंतु तीन बाजू होऊनही आकृति मिटत नाहीं. अर्धा षट्कोन उघड्या तोंडानें समोर उभा राहतो. कासव वळतें तें बाहेरच्या कोनानें, म्हणजे १२० अंशांनीं, हें मुलास तेव्हां शोधून काढावें लागतें. अशा प्रसंगीं त्यानें स्वतःच कासव होऊन जमिनीवर चालून पाहावें, ही पेपर्ट यांची युक्ति. ग्रंथाचें मर्म येथें आहे. आमच्या जुन्या पंतोजींच्या शाळेंत मुलें धूळपाटीवर अक्षरें गिरवीत. धूळपाटीचा गुण असा कीं हात फिरविला कीं चूक नाहींशी होई, आणि तिचा दोषही तोच. ती चूक कां झाली हें मग कोणासच पाहतां येत नसे. लोगोंत मुलाची चूक ओळींनीं लिहून ठेवलेली असते. मागें जाऊन ती वाचतां येते, नेमकी कोठें पाऊल वांकडें पडलें हें दाखवितां येतें. परीक्षेच्या तांबड्या पेन्सिलीनें ज्या गोष्टीची मुलास लाज वाटावयास लाविली, तीच गोष्ट येथें विचाराचें साहित्य होते. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत चुकेविषयीं इतकें सहृदय लेखन फार थोडें सांपडेल.

तरीही या ग्रंथाचें जें वाचन सर्वत्र झालें तें उलट दिशेचें झालें. लोकांनीं तो यंत्राचा ग्रंथ म्हणून वाचला. वास्तविक प्रस्तावनेंतच लेखकानें आपल्या बाळपणची दंतचक्रांची हकीकत दिली आहे. दोन वर्षांचें वयही होण्यापूर्वीं त्यांस मोटारीच्या भागांचें वेड लागलें, व पुढें गुणाकार आणि समीकरणें त्यांनीं मनांतल्या मनांत फिरणाऱ्या चाकांच्या आधारें समजून घेतलीं. परंतु प्रत्येक मुलास चाकें आणून दिल्यानें हेंच घडेल, असें कोणी समजूं नये, हेंही ते बजावतात; कारण त्यांचें त्या चाकांवर प्रेम जडलें होतें. या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झालें. १९८४ सालीं रॉय पी व मिडियन कर्लंड या संशोधकांनीं लोगो शिकलेल्या मुलांची परीक्षा घेतली, आणि कामाची आंखणी करण्याच्या शक्तींत त्यांना विशेष फरक आढळला नाहीं. पेपर्ट यांच्या उत्तराचा सारांश असा कीं, एकटें साधन काय करतें हा प्रश्नच चुकीचा आहे. हें उत्तर आम्हांस पटतें. तंबोरा गाणें शिकवितो काय, असें आपण विचारीत नाहीं. पण तंबोऱ्याविना तालीमही होत नाहीं. मात्र तंबोऱ्याचा दृष्टान्त एकदां मान्य केला कीं पुढचा प्रश्न टाळतां येत नाहीं: तालीम देणारा कोठें आहे?

ग्रंथाचें वैगुण्य नेमकें या ठिकाणीं आहे. शाळेवर लेखकाची टीका तिखट आहे, आणि ती पुष्कळशी रास्तही आहे. शाळेच्या जागीं त्यांच्या डोळ्यांपुढें ब्राझीलमधील सांबा नृत्याचे आखाडे आहेत. तेथें लहान मुलें व कसलेले नर्तक एकत्र नाचतात आणि शिकणें व शिकविणें हीं वेगळीं काढतां येत नाहींत. चित्र मनोहर आहे. परंतु त्या आखाड्यांतला कसलेला नर्तक तयार कसा होतो, याविषयीं ग्रंथ जवळजवळ मुका आहे. जीं पृष्ठें सर्वांत सुंदर उतरलीं आहेत त्यांत मुलाच्या शेजारीं कोणीतरी जाणतें माणूस बसलेलें आहे. तें घाई करीत नाहीं, उत्तर सांगत नाहीं, योग्य क्षणीं एक प्रश्न विचारतें. नाटककारानें हें पात्र रंगभूमीवर आणलें, त्याच्याच बळावर प्रवेश रंगविला, आणि पात्रांच्या यादींत मात्र त्याचें नांव घालावयाचें राहून गेलें.

यादींतली ही उणीव पुढें महाग पडली. २००५ सालीं निकोलस नेग्रोपॉन्टी यांनीं प्रत्येक मुलास स्वस्त लॅपटॉप देण्याची योजना जाहीर केली. तिच्यामागें पेपर्ट यांचेच विचार होते. पेरू देशानें असे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वांटले. तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा तुलनात्मक अभ्यास २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें १५ महिन्यांनंतर सामान्य बुद्धिकौशल्यांत कांहीं सुधारणा दिसली. पण गणित व भाषा यांच्या गुणांत फरक पडला नव्हता. कासव पोंचलें, शेजारीं बसणारें माणूस पोंचलें नाहीं, असाच याचा अर्थ आम्ही करतों.

आमच्या देशाचा अनुभव याहून जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्यानें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यांत आले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. या प्रयोगांत दोन फेऱ्यांत मिळून सुमारें ५०,००० प्राथमिक शिक्षकांस विज्ञान शिकविण्याचें प्रशिक्षण देण्यांत आलें. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, तें केवळ पडद्यावर सोंपविलें नव्हतें. दूरदर्शनच्या जोडीस आकाशवाणी, छापील पाठ, हातानें करावयाचे प्रयोग आणि शंका सोडविणारे मार्गदर्शक शिक्षक होते. सप्टेंबर २०१७ मध्यें ‘दीक्षा’ हा डिजिटल मंच सुरू झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्यें सुमारें ४२ लाख शिक्षकांसाठीं ‘निष्ठा’ ही प्रशिक्षणयोजना. कोविडच्या सांथींत, ऑक्टोबर २०२० पासून, निष्ठेचे पाठ दीक्षेवर आले: चित्रफीत पाहावी, मजकूर वाचावा, शेवटीं प्रश्नावली सोडवावी, प्रमाणपत्र घ्यावें. त्या आपत्तींत दुसरा मार्ग नव्हता, हें कबूल. पण नांवांचा अर्थ पाहावा. दीक्षा देणारा समोर बसलेला असावा लागतो. येथें शिक्षकाचें उत्तर चुकलें, तर कां चुकलें हें त्यास विचारणारें कोणी नाहीं; म्हणजे मुलांसाठीं जी धूळपाटी आपण टाकूं पाहतों, तीच त्यांच्या गुरूंच्या हातीं देत आहों.

याच्या उलट एक उदाहरण आमच्या राज्यांतलें आहे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांस २०२० चें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, आणि त्याची निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतल्या इतर नऊ शिक्षकांत वांटली. त्यांनीं पुस्तकांत क्यूआर कोड घातले हें सर्वांस ठाऊक आहे. त्याआधीं त्यांनीं काय पाहिलें हें तितकें ठाऊक नाहीं: मुलांची घरची भाषा कानडी, म्हणून पुस्तकाची भाषा त्यांना परकी. प्रथम हें निदान झालें, मग भाषांतर, आणि त्यानंतर तो चौकटीचा संकेत. पुढें आमच्या क्रमिक पुस्तकांत हे संकेत सर्वत्र आले. संकेत छापतां येतो. निदान छापतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, ४२ लाख शिक्षकांच्या शेजारीं बसावयास माणसें कोठून आणावयाचीं? आक्षेप वजनदार आहे. पण माणसें आहेत, तीं आपण वापरीत नाहीं. महाराष्ट्रांत दहाबारा शाळांचें एक केंद्र असतें, त्यास केंद्रप्रमुख असतो, आणि केंद्रांतले शिक्षक शिक्षण परिषदेसाठीं एकत्र येतात. तेथें परिपत्रकें वाचण्याऐवजीं एका शिक्षकानें आपल्या तासाची दहा मिनिटांची चित्रफीत मोबाइलवर दाखवावी, मूल कोठें अडलें तें सर्वांनीं मिळून शोधावें, आणि पुढच्या बैठकींत दुसऱ्यानें आपली दाखवावी. असें झालें तर यंत्राचा सर्वांत मोठा गुण, म्हणजे चूक जपून ठेवण्याचा, शिक्षकाच्या कामीं येईल. अर्थात् ती चित्रफीत वरिष्ठांच्या गोपनीय अहवालासाठीं मागविली जाणार नाहीं, हें अभय प्रथम मिळालें पाहिजे. नाहीं तर प्रत्येकजण पाठ करून घेतलेला तासच दाखवील.

‘माइंडस्टॉर्म्स’ हा ग्रंथ आमच्या प्रत्येक अध्यापक विद्यालयांत वाचला जावा अशा योग्यतेचा आहे. त्यांतील लोगोची भाषा आज जुनी झाली. मुलाच्या चुकेकडे पाहण्याची त्याची दृष्टि जुनी झालेली नाहीं. मात्र त्यांत एक प्रकरण कमी आहे, तें शिक्षक कसा घडतो याचें. तें लिहिण्याचें काम ज्यांनीं आयुष्य वर्गांत घालविलें त्यांचें आहे, आणि तें आमच्या भाषेंतही लिहिलें जावयास हवें.