विद्यार्थ्यांचा लघुपट आणि कर्तृत्वाचा प्रश्न

चित्रपट ही अनेकांच्या सहकार्यातून सिद्ध होणारी कला आहे, हे विधान प्रत्येक समीक्षक मान्य करतो. परंतु परीक्षण लिहावयास बसला म्हणजे एकट्या दिग्दर्शकाचे नाव घेऊन पुढे जातो. व्यावसायिक चित्रपटापुरती ही रीत क्षम्य मानता येईल. कारण तेथे दिग्दर्शकाचा अधिकार बहुधा आधीच ठरलेला असतो. विद्यार्थ्यांच्या लघुपटाची गोष्ट निराळी. तेथे सर्वच शिकाऊ आणि सर्वच समान पायरीवरचे असतात. अशा कृतीचा कर्ता कोण, हा प्रश्न म्हणूनच केवळ श्रेयाचा राहत नाही. कृतीचा अर्थ कसा लावावा, याच्याशीच तो निगडित होतो.

या दृष्टीने एक अलीकडचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. पुण्यात पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली स्थापन झालेली चित्रपट-शिक्षणसंस्था आज फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या नावाने ओळखली जाते. तेथील टेलिव्हिजन विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात दिग्दर्शन, छायालेखन, संकलन आणि ध्वनी या चार शाखांचे विद्यार्थी एकत्र येऊन वर्षअखेरचा एक समन्वित स्वाध्याय पूर्ण करतात. ‘सनफ्लावर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ हा सुमारे १६ मिनिटांचा कन्नड लघुपट अशाच स्वाध्यायातून निर्माण झाला. दिग्दर्शन चिदानंद नाईक, छायालेखन सूरज ठाकूर, संकलन मनोज व्ही. आणि ध्वनी अभिषेक कदम, असे हे चौघे. २०२४ च्या कान महोत्सवात विद्यार्थी-चित्रपटांच्या विभागासाठी ५५५ शिक्षणसंस्थांतून २,२६३ कृती आल्या होत्या. त्यांतून निवडलेल्या १८ कृतींमध्ये या लघुपटाला पहिले पारितोषिक मिळाले.

कथेचा आधार कर्नाटकातील लोककथेचा आहे. एक वृद्धा गावचा कोंबडा चोरते; गाव अंधारात पडतो; कोंबडा परत यावा म्हणून भविष्यवाणीचा आश्रय घेतला जातो आणि वृद्धेच्या कुटुंबाला गाव सोडावा लागतो. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण मराठी वाचकाला येथे आठवल्यावाचून राहणार नाही. म्हण व्यवहाराचे शहाणपण सांगते. लोककथा त्याच्या नेमकी उलट बाजू धरते. सत्य झाकता येत नाही, असे म्हणीचे सांगणे; तर एका घरातील दडवादडवीने साऱ्या गावाची पहाट हरवू शकते, असे कथेचे.

ही कथा समूहाच्या कामाला विलक्षण अनुकूल आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. तिच्यातील मूळ घटना दोन अभावांची आहे: आरवण्याचा अभाव आणि उजेडाचा अभाव. पहिला अभाव ध्वनिलेखकाने ऐकवावयाचा आहे, दुसरा छायालेखकाने दाखवावयाचा आहे. रात्र तर दिसली पाहिजे, आणि तरीही ती रात्रच राहिली पाहिजे, ही छायालेखनातील जुनी अडचण येथे कथेचाच विषय होऊन बसते. संकलकापुढील पेच आणखी वेगळा. दिवस उजाडणे आणि मावळणे ही काळ मोजण्याची सोपी साधने. तीच काढून घेतल्यावर काळ सरकतो आहे की थांबला आहे, हे दृश्यांच्या क्रमातून आणि लांबीतूनच सुचवावे लागते. अशा कथेत कोणतीही शाखा दुसरीची केवळ सेवा करीत नाही. विद्यार्थी-लघुपटासाठी विषय निवडताना हाच निकष सर्वांत उपयुक्त ठरावा: विषय चांगला आहे की नाही, याबरोबरच त्यात प्रत्येकाला स्वतःचे काम आहे की नाही, हेही पाहिले पाहिजे.

यावर आक्षेप असा येईल की, सर्वांचे कर्तृत्व म्हणजे कोणाचेच नव्हे. आक्षेप निराधार नाही. ही कथा सांगण्याची इच्छा आपल्या मनात फार पूर्वीपासून होती, असे नाईक यांनी सांगितले आहे. ती निवड आणि तिची जबाबदारी दिग्दर्शकाचीच. परंतु बीज एकाचे असल्याने पीक एकाचे होत नाही. त्याचप्रमाणे, चित्रीकरणाला अवघे चार दिवस मिळाले, या गोष्टीचेही भलते कौतुक करू नये. अल्प अवधी हा गुण नव्हे. घाईने बिघडलेले लघुपट थोडे नाहीत. मर्यादेचे मोल ती कृतीत कशी पचविली गेली, यावरच ठरते.

विद्यापीठांतून समूहाने केलेल्या लघुपटासोबत निर्मितीचे टिपण मागविण्याची पद्धत आहे. ही टिपणे बहुधा अडचणींची यादी होऊन बसतात: वेळ अपुरा, पैसा अपुरा, पाऊस अवेळी. खरे चिंतन यापुढे सुरू होते. कोणती अडचण कोणत्या दृश्यात जिरली, कोणाच्या सूचनेने कोणाचा मूळ विचार बदलला, आणि मतभेदाच्या वेळी निर्णय कशाच्या आधारे झाला, हे टिपणाने सांगावयास हवे. परीक्षकानेही गुण देताना हेच विचारावे. अन्यथा चौघांच्या श्रमांचे मूल्यमापन एकाच्या नावाने होईल आणि उरलेले तिघे आपण नेमके काय शिकलो, हे न उमगताच बाहेर पडतील. कलाशिक्षणाच्या दृष्टीने हे नुकसान पारितोषिक हुकण्याहून मोठे आहे.