कॅप्टन कॉफी आणायला गेला तेव्हा

पॉला स्मिथची ‘अ ट्रेकीज टेल’ ही गोष्ट एका पानात मावते. १९७३ च्या डिसेंबरात ‘मिनॅजरी’ नावाच्या अनियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात ती आली. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांचं हे अनियतकालिक. स्मिथ आणि शॅरन फेरारो या दोघी ते काढत. मालिका १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षं चालून बंद पडली होती, पण चाहत्यांनी तिचा पिच्छा सोडला नव्हता. त्याच पात्रांच्या नव्या कथा रचायच्या, टाइप करायच्या, प्रती काढून पोस्टाने धाडायच्या, असा सगळा मामला. लिहिणाऱ्यांत बायका जास्त. त्यांच्या कथांमधून एक मुलगी पुन्हा पुन्हा भेटे. वयाने कोवळी, रूपाने देखणी, बुद्धीने अफाट. ‘एंटरप्राइज’ यानावर तिचं पाऊल पडायचा अवकाश की सगळे तिच्या प्रेमात. स्मिथने या मुलीचं बारसं केलं: लेफ्टनंट मेरी सू.

मेरी सू साडेपंधरा वर्षांची आहे आणि एवढ्यातच लेफ्टनंट झाली आहे. कॅप्टन कर्क येतो, प्रेम व्यक्त करतो आणि त्याच दमात शय्येचं आमंत्रण देतो. ती बाणेदारपणे नकार देते. त्याचा आदर दुणावतो आणि यान तिच्या स्वाधीन करून तो कॉफी आणायला निघून जातो. मग कर्कचा सहकारी स्पॉक येतो, कॅप्टनच्या खुर्चीत ही कशी म्हणून विचारतो. कॅप्टनने सांगितलं म्हणून, ती म्हणते. एवढ्या उत्तरातल्या तर्कशुद्धतेवर तो तर्ककठोर स्पॉक फिदा होतो.

सगळी गंमत वाक्यांच्या चालीत आहे. अडचण येते आणि पुढच्या पूर्णविरामाच्या आत सुटते. परग्रहावर हिरवे यंत्रमानव सगळ्यांना कैद करतात, मेरी सू केसातला आकडा काढून कुलूप उघडते, संपलं. मधल्या काळात एका हळव्या क्षणी ती स्पॉकला सांगून टाकते की आपणही अर्ध्या व्हल्कन, म्हणजे त्याच्याच परग्रही जमातीच्या, आहोत. मालिका पाहिलेल्याला इथे हसता हसता टोचतं. अर्धा व्हल्कन, अर्धा माणूस असणं हे स्पॉकचं एकटेपण. त्यावर त्याची अख्खी व्यक्तिरेखा उभी आहे. मेरी सू ते दागिन्यासारखं उचलते आणि घालून मिरवते. वाईट लेखनाचं याहून नेमकं निदान दहा पानी टीकालेखात होणार नाही. खोट मुलीच्या गुणी असण्यात नाहीच. तिच्यासाठी बाकीच्यांनी आपापला स्वभाव सोडला, ही खोट आहे. या गोष्टीत खरं हसू येतं ते कर्कचं आणि स्पॉकचं.

मग कर्क, स्पॉक आणि त्यांच्यासोबतचे आणखी दोघे असे चौघे अधिकारी आजारी पडतात, मेरी सू एकटी यान चालवते आणि पुरस्कारांची रांग लागते. पहिला नोबेल शांतता पुरस्कार, दुसरा व्हल्कनांचा शौर्याचा, तिसरा थेट ट्राल्फमडोरचा. हा ग्रह स्टार ट्रेकमधला नव्हेच. तो कर्ट व्हॉनेगटच्या कादंबऱ्यांतला. ही स्मिथची जाणकारांसाठी ठेवलेली कोपरखळी, म्हणजे मेरी सूची कीर्ती दुसऱ्या लेखकाच्या विश्वात जाऊन पोचली! शेवटी आजार तिलाही गाठतो. चौघे पुरुष तिच्या उशापायथ्याशी उघड रडतात. तारुण्य आणि सौंदर्य हे दोन शब्द उलटसुलट फिरवून तिचा गौरव होतो, आणि यानावर तिच्या वाढदिवसाची सुट्टी आजही पाळली जाते.

नाट्यशास्त्रकार भरताने हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, स्मितापासून अतिहसितापर्यंत. पहिले दोन उत्तम प्रकृतीचे, शेवटचे दोन अधम. स्मिथचं हसणं पहिल्या दोनांत बसतं, कारण ज्या घरावर ती हसते आहे त्याच घरात ती राहते. नावातला ‘ट्रेकी’ हा शब्द मात्र मला जरा खटकतो. चाहत्यांतले गंभीर लोक स्वतःला ‘ट्रेकर’ म्हणवून घेत. ‘ट्रेकी’ म्हटलं की वेडावलेली पोर डोळ्यांपुढे येई. त्या हास्याच्या घसरणीची पहिली पायरी म्हणायची तर ही. बायकांच्या कथांतल्या सर्वगुणसंपन्न नायिकेची बाईनेच टोपी उडवण्याची रीत तशी जुनी. १८५६ मध्ये ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’त निनावी लिहिताना जॉर्ज एलियटने हेच केलं होतं, तिने टर उडवलेल्या नायिकांना संस्कृत म्हणजे तर हातचा मळ.

पण कॉफीकडे परत जाऊ. कॅप्टनची खुर्ची मेरी सूला मिळते कशी? तो पेला आणायला उठतो म्हणून. आणि पुन्हा मिळते कशी? सगळे पुरुष अंथरुणाला खिळतात म्हणून. हा गबाळेपणा स्वप्न पाहणाऱ्या मुलींचा असं धरून आपण हसतो. आता मूळ मालिका पाहा. पहिल्या चाचणी भागात यानाची दुय्यम अधिकारी एक स्त्री होती. वाहिनीने तो भाग नाकारला, दुसरा भाग बनला त्यात ती नव्हती. १९६९ च्या जूनमध्ये दाखवलेल्या अगदी शेवटच्या भागात कॅप्टनपद न मिळालेली एक स्त्री कर्कला सुनावते की तुमच्या कॅप्टनांच्या जगात बायकांना शिरकाव नाही. तो तिला खोडून काढत नाही, आणि कथा तिला वेडी ठरवते. ७९ भागांत उहुरा ही यानावरची स्त्री अधिकारी बहुतेक वेळ दळणवळणाच्या फळ्यापाशी कानात यंत्र लावून बसलेली. पुढे कार्टून मालिका आली तेव्हा १९७३ च्या सप्टेंबरात एकदाची तिने यानाची सूत्रं हाती घेतली. का? तर यानावरचे सगळे पुरुष भुरळ पडून निकामी झाले होते!

स्मिथची विडंबिका त्यानंतर तीनच महिन्यांनी आली. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यापासून मला तो आजारपणाचा परिच्छेद निव्वळ विनोदी वाटेनासा झाला. मेरी सूच्या कथा लिहिणाऱ्या त्या पोरींनी दार फोडलं नाही, जे किलकिलं होतं त्यातूनच त्या आत शिरल्या. पुरुष आजारी पडल्याखेरीज खुर्ची रिकामी होत नाही, हे त्यांना मालिकेनेच शिकवलं होतं.

नावाचं पुढे जे झालं ते विडंबनाच्या नशिबी नेहमीच येतं. गोष्ट मागे पडली, शिवी उरली. कमिल बेकन-स्मिथ या अभ्यासिकेने १९९२ च्या पुस्तकात नोंदवलं आहे की १९८७ च्या एका संमेलनात चाहत्या लेखिका सांगत होत्या: कथेत कुठलीही बाई घातली की लगेच ‘मेरी सू’ म्हणतात, म्हणून आम्ही बाई घालणंच सोडलं. त्याच वर्षी स्टार ट्रेकच्या नव्या मालिकेत वेस्ली क्रशर हा अतिहुशार पोरगा यान वाचवू लागला होता. वेस्ली हे मालिकेचा निर्माता जीन रॉडनबेरी याचं मधलं नाव, म्हणजे मामला उघडच होता. चाहत्यांनी त्यालाही शिव्या घातल्या, पण त्यामुळे कथेत मुलगा घालायची कोणाला धास्ती वाटल्याचं माझ्या कानावर नाही. खुद्द कर्क तर नुसतं बोलून बोलून संगणकांना आत्मनाश करायला लावतो, ग्रहाग्रहावर त्याच्यासाठी कोणीतरी झुरत असते. त्याला आपण नायक म्हणतो. २०१५ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात रे नावाच्या मुलीने यान उडवलं, तलवार पेलली, आणि दोन-चार दिवसांत तीच शिवी तिला लागली. १९७७ च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’मधला शेतकऱ्याघरचा ल्यूक पहिल्याच लढाईत अख्खा ‘डेथ स्टार’ उडवतो तेव्हा लोक शिट्ट्या मारत होते. रे नीट लिहिली गेली आहे असं माझंही म्हणणं नाही. पण स्मिथची कसोटी लावायची तर विचारायला हवं की तिच्यापायी ‘स्टार वॉर्स’च्या जुन्या हान सोलोने आपला स्वभाव सोडला का? हा प्रश्न विचारणारे फार थोडे भेटले. बाकीच्यांचं हसू भरताच्या शेवटच्या दोन प्रकारांतलं.

या गोष्टीत मला आजही न उलगडणारी जागा म्हणजे मेरी सूचं मरण. स्वप्नच रंगवायचं तर जगायला काय हरकत होती? नोबेल मिळालं, यान मिळालं, चौघे भाळले. तरी स्वप्न पाहणारी पोर आपल्या नायिकेला मारून टाकते, आणि त्या चौघांना खरा पाझर फुटतो तो तेव्हाच. स्मिथने हे आपल्या मनचं घातलेलं नाही, त्या कथांमधून उचललं आहे.

सातवीत असताना मी दोनशे पानी वहीत एक फास्टर फेणे लिहिला होता. भा. रा. भागवतांच्या या बन्या ऊर्फ फास्टर फेणेच्या विद्याभवन शाळेत एक नवी मुलगी येते, सायकलच्या शर्यतीत फेणेला मागे टाकते, चोरांची टोळी एकटीने पकडून देते आणि शेवटी विषमज्वराने जाते. आईने वही वाचली आणि विचारलं, एवढी चांगली पोर, मारलीस कशाला? मला सांगता आलं नाही. त्या वयात माझी अडचण निराळीच होती: बन्या रडतो कसा, हे काही केल्या सुचत नव्हतं. शेवटी मी एवढंच लिहिलं की त्या दिवशी त्याने एकदाही त्याचं नेहमीचं ‘ट्टॉक्’ केलं नाही.