प्रिय न्दुगू

मागच्या दोन वेळा आपण दान या कल्पनेची तात्त्विक बाजू पाहिली. त्यावर काही श्रोत्यांनी कळवलं की कांट वगैरे ठीक आहे, पण जरा हाताला लागेल असं काही घ्या. मग आज एक चित्रपट घेऊ. 'अबाउट श्मिट', २००२ सालचा, दिग्दर्शक अलेक्झांडर पेन. लुई बेगली यांच्या कादंबरीचं नाव त्याला आहे, पण कथा बरीच बदललेली आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना शेवट आधीच कळणार, त्याला आमचा नाइलाज आहे, कारण आपलं सगळं बोलणं शेवटाबद्दलच आहे.

वॉरन श्मिट हा अमेरिकेतल्या ओमाहा शहरातला विमा कंपनीचा माणूस. जॅक निकल्सननं ही भूमिका केली आहे. वय सहासष्ट, नुकताच निवृत्त. टीव्हीचे चॅनेल बदलता बदलता त्याला एक जाहिरात दिसते: दूरच्या गरीब देशातल्या एका मुलाचं पालकत्व घ्या, महिन्याला बावीस डॉलर. तेव्हाच्या हिशेबानं साधारण हजार रुपये. तो फोन करतो. टपालानं माहिती येते, फोटो येतो. न्दुगू नावाचा सहा वर्षांचा मुलगा, देश टांझानिया. मुलाला काहीतरी वैयक्तिक लिहा, अशी संस्थेची सूचना असते. श्मिट लिहायला बसतो, आणि कंपनीत आपल्या जागी आलेल्या तरुणाबद्दलचा संताप, बायकोचा वैताग, सगळं त्या सहा वर्षांच्या पोरासमोर ओततो. शेवटी म्हणतो की आता आवरतं घेतो, तुला हा चेक वटवून काही खायची घाई असेल.

इथे थिएटरात हशा येतो. आम्हीही हसलो होतो.

पुढे बायको अचानक जाते. तिचं जुनं प्रकरण उघडकीला येतं. मुलीचं लग्न त्याला पसंत नसतं, ते होऊनच जातं. प्रत्येक वळणावर 'प्रिय न्दुगू' असं पत्र चालू असतं. शेवटी तो एकटा घरी परततो. मनाशी हिशेब मांडतो की आपल्या जगण्यानं कुणाचं काय बदललं? उत्तर शून्य. आणि टपालात एक पत्र सापडतं. लिहिणारी एक नन आहे, टांझानियातल्या म्बेया गावाजवळच्या खेड्यात काम करणारी. ती कळवते की न्दुगू अनाथ आहे, हुशार आहे, मध्ये डोळ्यांना संसर्ग झाला होता, उपचार झाले, आता बरा आहे. त्याला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून त्यानं चित्र पाठवलंय. चित्रात एक मोठा माणूस आणि एक मूल, हातात हात धरलेले. श्मिट रडतो. चित्रपट संपतो.

आता आपला प्रश्न असा: हे रडणं आपण कसं वाचायचं? बहुतेक परीक्षणांनी त्याला मुक्तीचा क्षण म्हटलं. आम्हाला ते अर्धंच पटतं. आणि उरलेलं अर्धं जिथे अडतं, तिथे हा चित्रपट त्याच्या दिग्दर्शकापेक्षाही शहाणा आहे असं वाटतं.

आधी गीतेकडे जाऊ. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचं एक लक्षण सांगितलंय, की ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला दिलेलं. वरवर पाहता श्मिटचं दान या कसोटीला उतरतं. न्दुगू त्याला काय परत देणार? पण नीट बघा. श्मिटनं महिन्याला बावीस डॉलरमध्ये एक श्रोता घेतलाय. कधी मध्ये न बोलणारा, न कंटाळणारा, उलट उत्तर न देणारा. बायको जे ऐकत नव्हती, मुलगी जे ऐकून घेत नव्हती, ते ऐकणारा. आणि शेवटी कळतं की त्याला वाचताच येत नव्हतं! म्हणजे परतफेड वसूल झालेली आहे, आणि ती ज्याच्याकडून झाली त्याला तिचा पत्ताही नाही.

ही श्मिटची एकट्याची खोड नव्हे. ही रचनाच तशी आहे, आणि जुनी आहे. चित्रपटातल्या योजनेमागची जी खरी संस्था, तिचा जन्म १९३७ चा, स्पॅनिश यादवी युद्धातला. जॉन लँग्डन-डेव्हिस या ब्रिटिश पत्रकाराची कल्पना अशी की युद्धात होरपळलेल्या एका मुलामागे दूरचा एक पालक असावा, पत्रव्यवहार असावा. कल्पना विलक्षण चालली, कारण माणूस आकड्याला पैसे देत नाही, चेहऱ्याला देतो. पण चेहरा एकदा विकला की तो पुरवत राहावा लागतो. १९९८ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'नं अशा संस्थांवर मोठी शोधमालिका छापली. त्यांच्या वार्ताहरांनी स्वतः मुलांचं पालकत्व घेतलं आणि मग त्या मुलांना शोधायला निघाले. मालीमधली एक मुलगी केव्हाच वारली होती, आणि इकडे पालकाचे पैसे जातच होते. फसवणूक म्हणून आपण संतापतो, ते बरोबरच. पण संतापून झाल्यावर विचार करा. ती मुलगी मेल्यानं या नात्यात काहीच बदललं नाही, कुणाला कळलंसुद्धा नाही, ही त्या नात्याबद्दलची केवढी मोठी माहिती आहे.

अनेक मोठ्या संस्था आज सांगतात की पैसा त्या एका मुलाच्या हातात जात नाही, तो वस्तीच्या कामाला जातो: विहीर, शाळा, दवाखाना. चांगलंच आहे. फोटो मात्र एकाच मुलाचा येतो.

आता तो डोळ्यांचा संसर्ग. ननच्या पत्रात हे एक वाक्य येतं आणि जातं, आणि प्रेक्षक मनात म्हणतो, चला, बावीस डॉलर कामी आले. न्दुगूला नेमकं काय झालं होतं हे चित्रपट सांगत नाही. पण टांझानियाच्या ग्रामीण भागात मुलांचे डोळे म्हटले की एक जुना आजार आठवतोच, खुपऱ्या. आपल्याकडच्या जुन्या पिढीला हा शब्द चांगला माहीत आहे. हा जंतू हातांनी पसरतो, एकाच फडक्यानं सगळ्यांची तोंडं पुसल्यानं पसरतो, डोळ्या-नाकाच्या स्रावावर बसणाऱ्या माश्यांनी पसरतो. एकदा होऊन माणूस आंधळा होत नाही. वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा होतो, पापणीच्या आत व्रण पडतात, पापणीचे केस आत वळतात आणि बुबुळाला घासत राहतात. दृष्टी जाते ती मोठेपणी, आणि बायकांची जास्त, कारण मुलांना सांभाळणाऱ्या त्याच.

एका मुलाला मलम दिलं तर तो बरा होतो. आणि भावंडाकडून त्याला पुन्हा होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची रीत अशी की जिथे प्रमाण जास्त, तिथे सबंध जिल्ह्याला वर्षातून एकदा औषध द्यायचं, बऱ्या दिसणाऱ्यांनाही. जोडीला शस्त्रक्रिया, चेहरा धुण्याची सवय, पाणी आणि संडास. भारतानं ही लढाई जिंकली असं त्या संघटनेनं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं. त्यात कुणाचा फोटो कुणाच्या फ्रिजवर लागला नव्हता.

आणि इथे नाव पाहा. स्वाहिलीत 'न्दुगू' म्हणजे भाऊ, भावंड, नातलग. न्येरेरेंच्या काळातल्या समाजवादी टांझानियात सगळे एकमेकांना न्दुगू म्हणत, आपल्याकडे डावे 'कॉम्रेड' म्हणतात तसं. त्याच न्येरेरेंच्या पक्षानं १९६७ च्या अरुशा घोषणेत बजावलं होतं की परदेशी देणग्यांवर आणि कर्जांवर देश उभा करायला गेलो तर स्वातंत्र्यच धोक्यात येईल. श्मिट दर पत्राच्या आरंभी 'प्रिय भाऊ' असं लिहितो आहे आणि त्याला ते माहीत नाही. दिग्दर्शकाला माहीत होतं का, कोण जाणे. पण ज्या मुलाचं नावच भावंड, त्याला भावंडांतून उचलून एकटा चौकटीत बसवणं, हेच तर या योजनेचं सगळं तंत्र.

आणखी एक गंमत, खरं तर गंमत नाहीच. श्मिट विमागणितज्ञ आहे. बायको गेल्यावर तो स्वतःच्या मरणाची शक्यता टक्केवारीत काढतो. विमा म्हणजे काय? हजारांनी थोडं थोडं टाकायचं, ज्याच्यावर वेळ येईल त्याला मिळायचं, आणि कुणी कुणाचे उपकार मानायचे नाहीत. त्या खेड्याला हवं असलेलं शास्त्र या माणसाला तोंडपाठ होतं! जन्मभर त्यानं तेच केलं, आणि त्याला ते जगणं रिकामं वाटलं.

इथे कुणी म्हणेल, सर, तुम्ही फार कडक होताय. बरोबर आहे, आणि दुसरी बाजू भक्कम आहे. २०१३ मध्ये ब्रूस विडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या, त्यात भारतही आला, दहा हजारांहून जास्त लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. कम्पॅशन इंटरनॅशनल या ख्रिस्ती संस्थेच्या योजनेत वाढलेली मुलं इतरांपेक्षा वर्षभराहून जास्त शिकली होती. एक वर्ष शाळा म्हणजे थोडं नव्हे. आम्ही तो निष्कर्ष नाकारत नाही. फक्त त्याच संस्थेला २०१७ मध्ये परदेशी निधीच्या नियमांमुळे भारतातलं काम बंद करावं लागलं, तेव्हा सुमारे दीड लाख मुलांची मदत थांबली, हेही शेजारी मांडतो. निर्णय योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण त्या मुलांना दाद मागायला जागा नव्हती. हक्क बंद केला तर कोर्टात जाता येतं. प्रेम बंद झालं तर कुठे जाणार?

म्हणून त्या ननकडे आम्ही जास्त आदरानं पाहतो. आठवड्याभरासाठी विमानानं येऊन शिबिर भरवणारे, महिन्याच्या गोळ्या वाटून परत जाणारे डॉक्टर वेगळे, आणि तिथे राहणारी ही बाई वेगळी. टांझानियात काही जिल्ह्यांत चर्चचं रुग्णालय हेच सरकारनं नेमलेलं जिल्हा रुग्णालय आहे, तिथे हा फरक रोज दिसतो. चित्रपट तिला फक्त पत्राचा आवाज देतो. पण डोळ्यांचे उपचार करवून वर हे पत्र लिहायला तिनं वेळ कधी काढला असेल? श्मिटच्या रडण्याची मजुरी तिनं भरली आहे.

कांटचा एक बोचरा प्रश्न मागे आला होता: ज्या विषमतेमुळे मला देता येतं ती अन्यायातूनच आलेली असेल, तर माझ्या देण्याला उपकार म्हणायचं का? तो प्रश्न आम्हाला घरी भेटला. आम्ही उभयतांनी बरीच वर्षं आपल्याकडच्याच एका संस्थेमार्फत एका आदिवासी मुलीचं शैक्षणिक पालकत्व घेतलं होतं. दिवाळीला तिचं कार्ड यायचं. एका वर्षी त्यात लिहिलं होतं, 'आजोबा, तुमचा गुडघा आता कसा आहे? आजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? दादा अमेरिकेतून आले का?' आम्ही गोठलो. मग आमच्या पत्रांच्या प्रती काढून पाहिल्या. पानंच्या पानं गुडघा, मोतीबिंदू आणि मुलगा. तिच्या वसतिगृहात पाणी येतं का, एवढं एकदाही विचारलेलं नव्हतं. चित्रपटगृहात ज्या वाक्याला हसलो, तेच लिहीत होतो.

पुढच्या वर्षी संस्थेला कळवलं की पैसे वसतिगृहाच्या सामायिक खात्यात घ्या, मुलीचं नाव नको, कार्डही नको. त्यांनी तसं केलं. दिवाळी आली, कार्ड आलं नाही, आणि फराळाच्या ताटाशी आम्ही दोघं कितीतरी वेळ टपालाबद्दलच बोलत राहिलो. म्हणून श्मिटच्या रडण्याला खोटं म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. ते खरं आहे. त्याचा न्दुगूच्या डोळ्यांशी संबंध नाही, एवढंच.

वेळ झाली आहे. समोर चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेऊ.