मान्यता की प्रामाण्य? : उडत्या तबकड्यांच्या हौशी संशोधनाची चिकित्सा (खानदेशच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

आकाशात दिसलेल्या, परंतु ओळख न पटलेल्या वस्तूंचा शोध घेणाऱ्या हौशी संघटना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांत उदयास आल्या. मराठी वाचकाला हा विषय ‘उडत्या तबकड्या’ या नावाने परिचित आहे. या संघटनांच्या कार्यात एक मागणी सातत्याने आढळते. शासनाने, लष्कराने किंवा विद्यापीठाने आपल्या अभ्यासाला अधिकृत मान्यता द्यावी, ही ती मागणी होय. प्रस्तुत लेखात या मागणीची चिकित्सा केली आहे. मान्यता आणि प्रामाण्य या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि पहिलीच्या मागे धावताना दुसरीकडे दुर्लक्ष होते, असे येथील प्रतिपादन आहे. त्यासाठी जळगाव जिल्ह्याने अनुभवलेल्या दोन आकाशीय घटना आणि धुळ्याशी निगडित असलेली एक संशोधनपरंपरा यांचा आधार घेतला आहे.

मान्यतेच्या शोधाचा इतिहास :

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकन वैमानिकाने नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्याचे सांगितले आणि ‘उडती तबकडी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. अमेरिकी हवाई दलाने अशा नोंदींची चौकशी आरंभिली. ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या नावाने ओळखली गेलेली ही चौकशी १९६९ मध्ये बंद झाली, तेव्हा एकूण १२,६१८ नोंदींपैकी ७०१ नोंदी अनिर्णित राहिल्या होत्या. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या ‘निकॅप’ या हौशी संघटनेने अमेरिकी संसदेने या विषयाची सुनावणी घ्यावी यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला. १९६६ मध्ये संसदीय समितीपुढे सुनावणी झाली आणि कोलोरॅडो विद्यापीठाकडे स्वतंत्र अभ्यास सोपविला गेला. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड कॉन्डन यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासाचा निष्कर्ष मात्र संघटनांच्या अपेक्षेविरुद्ध गेला. अशा अभ्यासातून विज्ञानात भर पडण्याची शक्यता दिसत नाही, असे त्यात नमूद झाले. ज्या विद्यापीठीय चौकशीची वर्षानुवर्षे वाट पाहिली, तिचाच निर्णय संघटनांनी अमान्य केला. मान्यता हवी होती ती अनुकूल निर्णयापुरतीच, हे या प्रसंगाने उघड केले.

संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवरही हाच अनुभव आला. ग्रेनाडा या छोट्या राष्ट्राचे पंतप्रधान एरिक गेअरी यांच्या आग्रहामुळे डिसेंबर १९७८ मध्ये आमसभेने सदस्य राष्ट्रांना या विषयातील संशोधनाच्या समन्वयाचे आवाहन केले. मार्च १९७९ मध्ये गेअरी यांची सत्ता उलथवली गेली आणि तो विषय कागदावरच राहिला. ठराव संमत झाला, ज्ञानात भर मात्र पडली नाही.

उल्कांचा दाखला आणि मानेगाव :

या संघटनांच्या युक्तिवादात उल्कापाषाणांचा दाखला वारंवार येतो. आकाशातून दगड पडतात, असे सांगणाऱ्या खेडुतांना अठराव्या शतकातील विद्वानांनी खोटे ठरविले, परंतु शेवटी खेडूतच खरे ठरले. तसेच उद्या आपणही खरे ठरू, असा हा युक्तिवाद आहे. त्याचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे. उत्तरार्ध मात्र तपासून पाहावा लागतो.

२६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेग्ल येथे दगडांचा वर्षाव झाला. शासनाने जाँ-बातिस्त बियो या तरुण शास्त्रज्ञास तेथे पाठविले. बियो यांनी गावोगाव फिरून परस्परांशी संबंध नसलेल्या साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या, दगड कोठे कोठे पडले ते नकाशावर मांडले आणि ते दगड परिसरातील खडकांशी ताडून पाहिले. खेडुतांची साक्ष त्यांनी सन्मानाने ऐकली, पण केवळ साक्षीवर ते थांबले नाहीत. उल्कापाषाणांना मान्यता मिळाली ती या कार्यपद्धतीमुळे.

खानदेशात याच कथेचा एक अध्याय आहे. २९ जून १८४३ रोजी एदलाबादजवळील (आजचे मुक्ताईनगर, जि. जळगाव) मानेगाव येथे आकाशातून पाषाण पडला. त्याचे नमुने कलकत्त्यास पोहोचले आणि हेन्री पिडिंग्टन यांनी केलेले त्याचे परीक्षण बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चक्रीवादळासाठी ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ करणारे ते हेच पिडिंग्टन. पुढे उल्काशास्त्राने मानेगावचा पाषाण ‘डायोजेनाइट’ या दुर्मीळ वर्गात समाविष्ट केला. या वर्गातील पाषाण व्हेस्टा या लघुग्रहावरून आले असावेत, या अनुमानाला २०११-१२ मध्ये ‘डॉन’ यानाच्या निरीक्षणांनी बळकटी दिली. घटना एका खेड्यात घडली होती आणि तिच्यामागे कोणत्याही संस्थेचे वजन नव्हते. परंतु दगड हाती होता. तो कोणालाही तपासता येत होता आणि पुढच्या पिढ्यांनी तो नव्या साधनांनी पुन्हा तपासला.

गुढीपाडव्याची संध्याकाळ :

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, जळगावसह उत्तर महाराष्ट्र, विदर्भ आणि मध्य प्रदेशातील लोकांनी आकाशातून जळत जाणारी प्रकाशरेषा पाहिली. उल्का, विमान, क्षेपणास्त्र असे अनेक तर्क झाले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही परिसरात धातूचे मोठे कडे सापडले. पाठोपाठ गोलाकार टाक्याही मिळाल्या. प्रकाशरेषेचा मार्ग आणि वेळ एका चिनी अग्निबाणाच्या अवशेषांच्या पुनःप्रवेशाशी जुळत असल्याचे अंतराळ-अभ्यासकांनी दाखवून दिले.

येथे पाहणारे सारे सामान्य नागरिक होते आणि त्यांनी पाहिले ते खरेच होते. अज्ञात वस्तू ज्ञात झाली ती तीन गोष्टींमुळे : वेळेची नोंद, दिशेची नोंद आणि हाती आलेला अवशेष. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी कोणत्याही गावातील हौशी निरीक्षकाला साधता येतात. याउलट, लडाख सीमेवर २०१२ मध्ये सैनिकांनी शंभराहून अधिक वेळा नोंदविलेले प्रकाशगोल हे गुरू आणि शुक्र हे ग्रह असल्याचे भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या अभ्यासकांनी ओळखले. नोंद करणाऱ्याच्या गणवेशामुळे निरीक्षण अचूक ठरत नाही, एवढा बोध यातून घेता येतो.

अधिकृत शिक्का पुरेसा आहे काय?

अधिकृत मान्यता मिळाल्याने एखादा विषय शास्त्र होतो काय, याचे उत्तर महाराष्ट्राजवळ आहे. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत सुरू करण्याची योजना आणली. तिच्याविरुद्धचे आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळले. म्हणजे मान्यता पक्की झाली. त्यानंतर डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये महाराष्ट्रात एक चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका कोणत्या, हे ज्योतिषांनी ओळखायचे होते. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांवर दिलेल्या उत्तरांपैकी सुमारे ४६ टक्केच बरोबर निघाली. नाणे उडवूनही सरासरीने निम्मी उत्तरे बरोबर येतात. आयोगाचा शिक्का या आकड्यात काहीही बदल करू शकला नाही.

नारळीकरांच्याच साहित्यिक वाटचालीतील एक घटना येथे उद्बोधक आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. जगन्मान्य शास्त्रज्ञाने स्वतःची मान्यता बाजूला ठेवून कथेची परीक्षा होऊ दिली. उडत्या तबकड्यांचे हौशी अभ्यासक नेमके उलट करतात. निवृत्त लष्करी अधिकारी, वैमानिक, शास्त्रज्ञ यांची नावे पुढे करून ते पुराव्याची उणीव भरून काढू पाहतात. डॅनिकेनच्या प्रभावाखालील ‘पृथ्वीवर माणूस उपराच!’ यांसारख्या पुस्तकांनी मराठी वाचकांचे कुतूहल निश्चितच जागे केले. परंतु कुतूहलाला परीक्षेची जोड देण्याचे काम त्यांच्याकडून झाले नाही.

हौशी संशोधनाचा दुसरा नमुना :

हौशी असणे हा दोष नव्हे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना कोणत्याही विद्यापीठाचे पद नव्हते. गावोगाव फिरून मिळविलेले कागद त्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतून छापले. त्यांच्या अनेक निष्कर्षांशी पुढील इतिहासकारांनी मतभेद व्यक्त केले, तरी छापलेली साधने सर्वांच्या उपयोगी पडली. १९२६ च्या अखेरीस त्यांचे निधन झाल्यावर धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. साधने आधी आली, मान्यता मागाहून. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेनेही हौशी आकाशनिरीक्षणाची अशीच परंपरा जोपासली आहे.

फ्रान्समध्ये राष्ट्रीय अंतराळ संस्थेअंतर्गत १९७७ पासून अशा नोंदींचा अभ्यास होतो. तेथे ‘उलगडा न झालेली’ नोंद आणि ‘माहिती अपुरी असलेली’ नोंद यांचे वर्ग वेगळे ठेवले जातात. हा भेद अत्यंत महत्त्वाचा आहे. अपुऱ्या माहितीला गूढ मानण्याची घाई हेच हौशी संशोधनाचे मुख्य वैगुण्य होय. सप्टेंबर २०२३ मध्ये नासाच्या स्वतंत्र अभ्यासगटानेही चांगल्या प्रतीच्या नोंदींचा अभाव हीच प्रमुख अडचण सांगितली. शासकीय मान्यतेचे दार उघडल्यावरही अडचण तीच राहिली.

निष्कर्ष :

१. अधिकृत मान्यतेची मागणी ही अनेकदा पुराव्याच्या उणिवेवर घातलेले पांघरूण ठरते.

२. उल्कापाषाणांच्या इतिहासातून उपेक्षितांचा विजय दिसतो. त्याहून अधिक दिसतो तो साक्ष आणि वस्तू यांच्या संयुक्त परीक्षेचा विजय.

३. सामान्य साक्षीदाराची हेळसांड दोन्ही बाजूंनी होते. शासन त्याला हसते आणि संघटना त्याच्या साक्षीवर परग्रहवासी लादतात. त्याचे खरे मोल त्याने काय पाहिले हे जसेच्या तसे लिहून घेण्यात आहे.

४. खानदेशातील महाविद्यालयांना येथे कार्य करण्यास वाव आहे. वेळ, दिशा, उंची आणि कालावधी यांची शिस्तबद्ध नोंदवही प्रत्येक विज्ञान मंडळाला ठेवता येईल. तिला कोणाच्याही परवानगीची गरज नाही. मानेगावच्या दगडालाही ती लागली नव्हती.