उरलेल्या कपड्यांची साक्ष

ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, अझ्टेक या लहानशा गावाजवळ जुन्या कपड्यांचा एक मेळा भरला होता. तिथल्या लिलावात लीव्हाय स्ट्रॉस कंपनीची १८८० च्या दशकातली एक पँट ७६ हजार डॉलरला गेली. लिलावाचे कमिशन धरून घेणाऱ्यांना ती ८७ हजार ४०० डॉलरला पडली. ही पँट एका बंद पडलेल्या खाणीत सापडली होती. तिच्या खिशाच्या कापडावर आतून एक ओळ छापलेली आहे: हा माल फक्त गोऱ्या मजुरांच्या हातचा आहे, अशा अर्थाची. चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा अमेरिकेने १८८२ साली केला, त्या वातावरणातली ही जाहिरात. मी वाचलेल्या बातम्यांत या ओळीचा उल्लेख होता, पण मुख्यतः पँटचा काळ ठरवण्याची खूण म्हणून. ती घालून खाणीत कोण उतरत होते, हा प्रश्न कुणाला पडलेला दिसला नाही.

पुरुषांच्या जुन्या कपड्यांच्या मेळ्यांकडे मी गेली काही वर्षे अभ्यास म्हणून पाहते आहे. मुलगी लॉस एंजेलिसजवळ राहते, त्यामुळे पसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियमबाहेर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरणारा बाजार मला पाहता आला. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफिल्डला वर्षातून तीनदा रस्त्याच्या दुतर्फा असाच मोठा बाजार भरतो. तिथले कपडेवाले, जपानी खरेदीदार, संग्राहक यांच्या लिहिण्या-बोलण्यातून एक गृहीतक सतत डोकावते: मेळ्यातली हँगरांची रांग म्हणजे पुरुषांच्या पेहरावाचा इतिहास. माझा आक्षेप या गृहीतकाला आहे.

आक्षेपाआधी या मंडळींना त्यांचे देणे देऊन टाकते, कारण ते मोठे आहे. कापड आणि शिलाई पाहून कपड्याचे साल सांगण्याची विद्या त्यांनी विद्यापीठाबाहेर, एकेक कपडा हाताळून उभी केली आहे. लीव्हायच्या पँटवर मागे दोन खिसे दिसले तर ती १९०१ नंतरची. मागच्या खिशांचे तांब्याचे रिव्हेट खुर्च्या आणि खोगिरे ओरखडत, म्हणून १९३७ मध्ये ते कापडाखाली झाकले गेले. झाकलेलेही १९६६ पासून गेले आणि त्यांच्या जागी घट्ट दोऱ्याची शिलाई आली. खिशाच्या कडेच्या लाल फितीवर नावातले ‘ई’ हे अक्षर मोठ्या लिपीत असले तर पँट साधारण १९७१ च्या आधीची. कोटाच्या आत कामगार संघटनेची चिठ्ठी असते. तिच्यावरचे १९४९ किंवा १९६२ हे साल चिठ्ठीच्या नमुन्याचे असते, कोटाचे नव्हे. नवशिका गिऱ्हाईक इथेच फसतो. धुण्या-इस्त्रीच्या सूचनांची कायमची शिवलेली पट्टी अमेरिकेत १९७२ पासून सक्तीची झाली, तेव्हा अशी पट्टी असलेला ‘पन्नासच्या दशकातला’ शर्ट कुणी दाखवला तर नमस्कार करून पुढे व्हावे. सैन्याच्या जाकिटाच्या आत ठेक्याचा क्रमांक असतो, त्यातच बहुधा साल दडलेले असते.

खुद्द लीव्हाय कंपनीलाही या विद्येचा आधार घ्यावा लागला. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात आणि आगीत कंपनीचे जुने दप्तर आणि माल जळून गेला. मग २००१ मध्ये आपलीच १८८० च्या दशकातली एक पँट तिने ऑनलाइन लिलावात ४६,५३२ डॉलर मोजून परत घेतली. ज्याने शिवले त्यालाच आपला इतिहास बाजारातून विकत घ्यावा लागावा, ही गोष्ट मला लिलावाच्या आकड्याहून बोलकी वाटते.

पण ही विद्या साल सांगून थांबते, आणि माझी अडचण तिथेच सुरू होते. मेळ्यात सगळ्यांत वरचा मान ‘डेडस्टॉक’ला: म्हणजे दुकानात विकायचा राहिलेला, कधीच न घातलेला माल. घडी न मोडलेला, चिठ्ठी तशीच लटकलेली. त्याखालोखाल सैन्याचा शिल्लक साठा, वर्षातून एकदा घालायचे टक्सिडो, लग्नाचे सूट. मापे पाहावीत तर बहुतेक लहान. यावरून ‘पूर्वीची माणसेच बारीक होती’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. खरे कारण साधे आहे. मोठ्या मापाचा कपडा घरात कुणालाही होतो, उसवून धाकट्याला बेतता येतो, म्हणून तो झिजून संपतो. लहान मापाचा कुणालाच होत नाही, म्हणून तो पेटीत राहतो. हँगरांची ती रांग म्हणजे पुरुषांनी काय घातले याची नव्हे, काय घातले नाही याची नोंद आहे.

यावर डेनिमवाले म्हणतील, आमच्याकडे तर झिजलेल्याचाच भाव. खरे आहे. मांडीवरच्या फिकट रेघांना ते मिशा म्हणतात, गुडघ्यामागच्या चुण्यांना मधमाश्यांचे पोळे. जपानी कारखाने या रेघा नव्या कापडावर मेहनतीने उमटवतात. पण हे झिजणे त्यांना नक्षी म्हणून हवे असते. रेघ कुठे पडली हे ते दहा मिनिटे सांगतील. माणूस दिवसभर बसून काम करत होता की वाकून, हे त्याच रेघेत लिहिलेले असताना तिकडे वळणार नाहीत. मी असे प्रश्न विचारायला लागले की ‘नवऱ्यासाठी बघताय का?’ असे हसून विचारतात.

यात वर्गाचा हिशेबही आहे, आणि तो कुणी मांडत नाही. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या गल्लीत शिवलेल्या कोटाचा आतला खिसा उलटा करून पाहा: चिठ्ठीवर शाईने गिऱ्हाइकाचे नाव आणि तारीख लिहिलेली सापडते. शंभर वर्षांनी तो कोट मेळ्यात आला तरी आपल्या मालकाचे नाव घेऊन येतो. खाणीतली पँट ८७ हजार डॉलरची झाली तरी अनामिकच.

ब्रिटनमधल्या मेळ्यांत ‘सीसी ४१’ या शिक्क्याचा कपडा मिळाला की गिऱ्हाईक खूश होते. हा १९४१ मध्ये सुरू झालेल्या सरकारी काटकसरीच्या कपड्यांचा शिक्का. त्याच साली कपड्यांचे रेशनिंग लागू झाले, ते १९४९ पर्यंत टिकले. पुढे पुरुषांच्या खिशांवर मर्यादा आली, डबल ब्रेस्टेड कोट गेला आणि पँटच्या पायाशी दुमड ठेवायला मनाई झाली. लोक या मनाईवर इतके चिडले की मुद्दाम लांब पँट घेऊन घरी दुमडून शिवत. आज मेळ्यात अशी घरी दुमडलेली पँट आली तर ‘फेरफार केलेली’ म्हणून तिचा भाव उतरतो. त्या माणसाने सरकारशी घातलेला वाद त्या दुमडीतच शिवलेला आहे, आणि आपण तोच दोष म्हणून वजा करतो.

काही कपडे तर झिजून संपलेच नाहीत. ते अंगावरून ओरबाडले गेले. जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर गोऱ्या नौसैनिकांनी आणि शिपायांनी मेक्सिकन-अमेरिकन तरुणांना गाठून मारले आणि त्यांचे झूट सूट फाडले. गुडघ्यापर्यंतचा कोट, रुंद खांदे, पायाशी निमुळती ढगळ पँट असा तो पेहराव. काटकसरीच्या काळात एवढे कापड वापरणे म्हणजे देशद्रोह, असा आरोप होता. अस्सल झूट सूट आज इतके दुर्मीळ आहेत की लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयाला २०११ मध्ये तो बाहेरून विकत घ्यावा लागला. २०१६ मध्ये पुरुषांच्या तीनशे वर्षांच्या पेहरावाचे मोठे प्रदर्शन त्याच संग्रहालयाने भरवले. ज्या शहरात तो पेहराव हजारोंनी पाहिला, फाडला, त्या शहराला तो शोधावा लागतो. मेळ्याच्या भाषेत याला नुसते ‘रेअर’ म्हणतात.

मग कष्टकरी पुरुषाचा कपडा गेला कुठे? अलाबामातल्या गीज बेंड या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या वस्तीत मिसूरी पेटवे हिने १९४२ मध्ये, नवरा गेल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांचे तुकडे जोडून पांघरूण शिवले. गीज बेंडची पांघरुणे २००२ पासून मोठ्या संग्रहालयांत मांडली गेली, तिचे त्यांतलेच. त्यावर गुडघ्यांचे फिकटलेले चौकोन दिसतात. त्या माणसाच्या पँटला मेळ्यात हँगर मिळाला नसता. तिची साक्ष पांघरुणात टिकली.

गोधडी जाणणाऱ्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याकडे धोतर विरले की बाळाचे दुपटे होई, मग गोधडीचा थर, शेवटी पोतेरे. पँटचे पाय कापून भाजीच्या पिशव्या शिवल्या जात; खिसा तसाच ठेवला तर त्यात सुटे पैसे राहत. आणि जे काही बरे उरे ते बोहारणीच्या गाठोड्यात जाऊन त्याचे स्टीलचे पातेले होई. आईची पैठणी सांभाळणाऱ्या घरांत वडिलांचा ऑफिसचा शर्ट सांभाळलेला मी क्वचितच पाहिला. आपल्याकडे कुणी पुरुषांच्या पेहरावाचा संग्रह करायला निघाले, तर हँगर बाजूला ठेवून आधी माळ्यावरच्या गोधड्या उसवून त्यांचे थर पाहावेत, असे माझे मत आहे. मेळ्यातल्या मंडळींची साल ओळखण्याची विद्या तिथे कामाला येईल. कापडाचा पन्हा, काठ, शिलाई सगळे तिथेही बोलते.

या व्यापाराचे एक टोक भारतातही आहे. पाश्चात्त्य देशांत टाकून दिलेल्या कपड्यांचे गठ्ठे कांडल्याला उतरतात आणि निवडले जातात. दुसरीकडे पानिपतला लोकरी कपडे येतात ते कायद्याप्रमाणे फाडून, पुन्हा कपडा म्हणून विकता येऊ नयेत म्हणून. तिथल्या बायकांवर २०१२ मध्ये ‘अनरॅव्हल’ नावाचा छोटा माहितीपट झाला. जमिनीवर बसून, विळीसारख्या उभ्या पात्यावर कोट धरून त्या आधी बटणे, चेन, अस्तर आणि चिठ्ठ्या कापून काढतात. चिठ्ठ्यांचा ढीग एकीकडे पडतो. कापड रंगाप्रमाणे वेगळे होऊन यंत्रात जाते, पिंजले जाते, त्याचे सूत निघते आणि त्या सुताची घोंगडी विणून होतात. यांतली पुष्कळशी पूर-भूकंपाच्या वेळी मदत म्हणून वाटली जातात.