लाल कुंची

पांढऱ्याशुभ्र बर्फात एक लाल आकृती. डोक्यावर आपल्या कुंचीसारखी टोकदार लाल टोपी, अंगाला तिलाच जोडलेला लाल पोशाख. चालता चालता मान वळवून पोरगं स्वतःच्याच पावलांचे ठसे बघतंय. एझ्रा जॅक कीट्स यांच्या १९६२ सालच्या ‘द स्नोई डे’ या चित्रपुस्तकाचं हे मुखपृष्ठ. मुलाचं नाव पीटर. तो कृष्णवर्णीय आहे हे मजकुरात कुठेही आलेलं नाही. चित्रात ते दिसतं आणि गोष्ट पुढे जाते. त्या काळच्या अमेरिकी बालपुस्तकांत असा मुलगा नायक म्हणून क्वचितच भेटायचा.

त्या पोशाखाकडे जरा रेंगाळून पाहावं. लाल रंगाचा जवळजवळ सलग आकार, त्याला कात्रीची स्वच्छ कड. कीट्स यांनी हे पुस्तक जितकं रंगवलं तितकंच कापून चिकटवलं. आईचा चौकड्यांचा झगा म्हणजे कपाटाच्या फळीवर अंथरतात तसलं मेणकापड. अंथरुणाला कॅनव्हासची पट्टी. हिमकण उमटवायला खोडरबर कोरून केलेले ठसे, आणि रात्रीच्या करड्या भिंतीवर टूथब्रशनं उडवलेली शाई. बर्फही कोरा पांढरा नाही. त्यात निळसर, जांभळट छटा अशा मिसळल्यात की गारठा बोटांना जाणवावा.

कात्रणांशी या चित्रकाराचं नातं जुनं होतं. १९१६ साली ब्रुकलिनमध्ये, पोलंडहून आलेल्या गरीब ज्यू घरात त्यांचा जन्म झाला. वडील वेटर. चित्रकलेवर पोट भरत नाही, अशी त्यांना धास्ती. तरी ते रंगांच्या ट्यूबा घरी आणत आणि कुणा उपाशी चित्रकारानं सूपच्या बदल्यात दिल्या, अशी थाप मारत. १९३५ मध्ये ते अचानक गेले. त्यांच्या पाकिटात मुलाला मिळालेल्या बक्षिसांच्या बातम्यांची झिजलेली कात्रणं निघाली. बापानं तोंडानं कधी नीट कौतुक केलं नव्हतं, ते खिशात जपलं होतं.

पुढे १९४० मध्ये ‘लाइफ’ मासिकातली एका चिमुरड्या कृष्णवर्णीय मुलाची छायाचित्रं कीट्स यांनी कापून ठेवली. कॉमिक्सचं काम झालं, सैन्यात छद्मावरणाची नक्षी काढून झाली, इतरांच्या पुस्तकांना चित्रं देऊन झाली. ते कात्रण मात्र टिकलं, आणि बावीस वर्षांनी त्यातला मुलगा पीटर होऊन बर्फात उतरला. १९६३ मध्ये या पुस्तकाला अमेरिकी चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं.

थोराड बांध्याची, भडक झग्यातली आई ठरीव साच्यातली आहे, असा आक्षेप तेव्हा आला. तो मला अगदीच निराधार वाटत नाही, कारण तिच्या वाट्याला जागाच फार थोडी आलीय. पण पोराचे ओले मोजे उतरवत ती दिवसभराच्या करामती ऐकून घेते, त्या पानाची ऊबही खरी आहे.

माझा जीव अडकतो तो बर्फाच्या गोळ्यात. उद्यासाठी म्हणून पीटर तो खिशात घालून घरात येतो. झोपण्याआधी बघतो तर खिसा रिकामा. रात्री स्वप्नातही उन्हानं सगळा बर्फ वितळतो. सकाळी डोळे उघडतात तर बाहेर पुन्हा भुरभुर चालूच, आणि समोरच्या घरातल्या दोस्ताला हाक मारून दोघं खोल बर्फात चालू लागतात, उंच ढिगांमधून, अगदी एवढेएवढेसे.