हस्तनिर्मित पोर्सलीन चमचा : वऱ्हाडच्या ताटावरून एक समीक्षा

प्रास्ताविक

महानगरांतील कलादालनांत आणि उंची उपाहारगृहांत 'डिझायनर टेबलवेअर' या नावाने हस्तनिर्मित पोर्सलीनची भांडी मांडली जातात. त्यांतील वाटी, पेला, थाळी यांच्याविषयी थोडेफार बोलले जाते. चमचा मात्र शोभेची जोडवस्तू समजून सोडून दिला जातो. वास्तविक मुखात जाणारे भांडे तेवढे एकच. प्रस्तुत लेखात या चमच्याचे परीक्षण अमरावती-अकोला परिसरातील, म्हणजे वऱ्हाडातील, खाद्यव्यवहाराच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे. ही वऱ्हाडची परंपरागत वस्तू नव्हे हे मान्यच आहे. परंतु एखाद्या वस्तूची पारख तिच्या मखरातून बाहेर काढल्यावरच नीट होते. हाताने घडविले जाणे ही एक रीत आहे, तो आपोआप गुण ठरत नाही, अशी या लेखाची भूमिका आहे.

माती आणि नाव

मराठीत 'चिनी माती' या एकाच नावाखाली लोणच्याची जाड बरणी, चहाची कपबशी आणि पारभासक पोर्सलीन असे सर्व काही येते. समीक्षेच्या दृष्टीने हा घोळ बाधक आहे. बरणी बहुधा दगडी पोताच्या, अपारदर्शक मातीची असते. पोर्सलीनमध्ये केओलिन ही पांढरी माती, फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड असते आणि सुमारे १२५० ते १४०० अंश सेल्सिअसला ते भाजावे लागते. केओलिन हे नावच चीनमधील जिंगदेझेनजवळच्या गावलिंग या टेकडीवरून आले. युरोपला हे तंत्र साधून माइसेन येथे कारखाना निघाला तो १७१० मध्ये. 'बोन चायना' हा त्याहून वेगळा प्रकार. त्यात गुरांच्या हाडांची राख असते, पोर्सलीनमध्ये ती नसते. शाकाहाराचा आग्रह धरणाऱ्या घरांत हा भेद ठाऊक असणे उपयोगाचे ठरेल.

वऱ्हाडची जमीन याच्या अगदी उलट. बेसाल्टच्या झिजेतून झालेली काळी माती कापसाला पोसते, पण ओली असता फुगते आणि वाळताना भेगाळते. म्हणून कुंभार तीत राख, लीद मिसळून तिला आवरतो आणि पोर्सलीनच्या मानाने कितीतरी कमी आचेच्या आव्यात भाजतो. तिच्यात लोह असल्याने भांडे तांबडे वा काळे निघते, पांढरे कधीच नाही. तेव्हा पांढरा चमचा येथे आला तर त्याची माती परगावचीच असणार.

चमचा घडविताना

घडविण्याच्या दृष्टीने चमचा हा वाटीपेक्षा अवघड आकार आहे. वाटी चाकावर फिरते, तिचा समतोल तिच्या गोलाईतच असतो. चमच्याला एका टोकाला खोलगट मुख आणि दुसऱ्या टोकाला लांब दांडा; वजन एकीकडे, लांबी दुसरीकडे. तो चाकावर होत नाही. पातळ कालवलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओतून, मातीची पोळी साच्यावर दाबून किंवा गोळा बोटांनी चिमटत नेऊन तो करावा लागतो. या तिन्ही रीतींना बाजारात 'हस्तनिर्मित' असे एकच नाव मिळते. ओतीव चमच्याचे शंभर नग जवळजवळ सारखे निघतात. चिमटून केलेला प्रत्येक वेगळा. ग्राहकाला हा फरक सांगितला जात नाही तेथे 'हस्तनिर्मित' हा शब्द केवळ किमतीचे समर्थन म्हणून उरतो.

पोर्सलीनच्या मातीला स्मरण असते असे कुंभकार म्हणतात. ओली असताना वाकलेला दांडा सरळ करून ठेवला तरी भट्टीत तो पुन्हा त्याच बाजूला वळतो. वाळणे आणि भाजणे मिळून माती साधारण १२ ते १५ टक्के आकसते; उच्च तापमानाला ती मऊ पडते आणि आधार नसलेला दांडा खाली झुकतो. शिवाय झिलईचा प्रश्न आहे. झिलई वितळून काच होते आणि ज्या पृष्ठावर वस्तू टेकली असेल त्याला चिकटते. वाटीची अडणी पुसून कोरी ठेवता येते. चमच्याने टेकावे कोठे? चिनी सुपाच्या चमच्याचा सपाट तळ हे या अडचणीचे एक उत्तर आहे. दांड्याला भोक ठेवून उष्णतारोधक तारेवर टांगणे हे दुसरे, आणि टोकदार आधारांवर ठेवून मागे बारीक ठिपके सोडणे हे तिसरे.

या ठिपक्यांकडे समीक्षकाने अवश्य पाहावे. ते घासून गुळगुळीत केले आहेत की नाहीत, यावरून कारागिराला खाणाऱ्याची फिकीर किती हे कळते. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या अनेक चमच्यांत दांड्यावर बोटाचा ठसा मुद्दाम राखलेला, काठ मुद्दाम वेडावाकडा ठेवलेला आणि सोनेरी रेघ ओढलेली आढळते. परंतु ओठ लागतो तो काठ जाड आणि मुख इतके उथळ की कढी वाटेतच सांडावी. बोटाचा ठसा डोळ्यांसाठी असतो, काठ ओठांसाठी. यांतील दुसऱ्याची हेळसांड करून पहिल्याचे कौतुक करणे ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी उणीव होय.

वऱ्हाडच्या ताटात

वऱ्हाडचे जेवण मुख्यतः हाताचे. भाकर मोडून झुणक्याला लावावी, रोडगा वरणात चुरावा, पातोडीचा रस्सा बोटांनी कालवावा. चाटू, सराटा, पळी ही चुलीजवळची साधने. ताटातले साधन म्हणजे पाच बोटे. तेव्हा पोर्सलीनच्या चमच्याला येथे जागा नाही, असे म्हणून विषय संपविता आला असता. ते बरोबर होणार नाही. पितळेच्या भांड्यात ताक कळकते म्हणून कल्हई करावी लागे. लोणचे धातूत न ठेवता बरणीत ठेवले जाई आणि आत लाकडी चमचा असे. आंबट पदार्थ आणि धातू यांचे वैर आपल्या स्वयंपाकघराला पूर्वीपासून माहीत आहे. स्टेनलेस स्टीलने हा प्रश्न बव्हंशी सोडविला, तरी दही, कैरीचे लोणचे, आंबील यांना धातूचा स्पर्श नको वाटणारी जीभ असतेच. झिलईदार पोर्सलीनला स्वतःची चव नाही, ते आंबटाने झिजत नाही आणि गरम कढीत त्याचा दांडा स्टीलसारखा चटकन तापत नाही.

दोषही तितकेच ठोस आहेत. शहाबादी फरशीवर पडला की तो संपला. स्टीलच्या वाटीत फिरविला तर काठावर करड्या रेघा उमटतात, कारण झिलई स्टीलहून कठीण असल्याने धातूच तिच्यावर घासून बसतो. म्हणजे हा चमचा एकटा घरात येऊ शकत नाही. त्याला लाकडाची वा मातीची वाटी लागते. संच विकणाऱ्याला हे सोयीचेच!

हाताचे मोल

मातीच्या भांड्याचा विषय अमरावती जिल्ह्यात निघावा आणि गाडगेबाबांचे नाव येऊ नये हे अशक्य. शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या या संताला नाव मिळाले ते फुटक्या गाडग्यावरून. त्यातच ते जेवत. त्या गाडग्याला कर्त्याची सही नव्हती. जपानमध्ये यानागी सोएत्सु यांनी १९२५ च्या सुमारास अनाम कारागिराच्या रोजच्या वस्तूंचे सौंदर्य 'मिंगेई' या संज्ञेने मांडले. आज त्याच विचाराचा आधार घेऊन सही केलेल्या वस्तू विकल्या जातात, हा विरोधाभास दुर्लक्षिता येत नाही.

विदर्भात याहून निराळा प्रवाहही होता. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ ते १९६२ या काळात सेवाग्रामला नई तालीमचे कलाशिक्षक होते; पुढे ते कुंभकार म्हणून मान्यता पावले. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीच्या ग्रामोदय संघाने कुंभारकामाला सुधारित भट्टी आणि झिलई यांची जोड देण्याचे काम केले. या परंपरेत हाताने केलेल्या कामाचे मोल ते वापरणाऱ्याच्या गरजेशी बांधलेले होते.

त्या दृष्टीने पाहता वऱ्हाडी घरासाठी पोर्सलीनचा चमचा कसा असावा, हे सांगणे कठीण नाही. बरणीच्या तळापर्यंत पोहोचेल असा लांब, किंचित जाड दांडा. कैरीची फोड मावेल इतके खोल मुख. ओठाच्या बाजूला पातळ, गोलसर घासलेला काठ. मागचे ठिपके गुळगुळीत. आणि सोने नाही. लांब दांडा भट्टीत वाकतो, नासधूस वाढते, म्हणून असा चमचा करणे कुंभकार टाळतो. मांडणीत ठेवलेला असतो तो बोटभर लांबीचा मिठाचा चमचा, कारण तो सरळ निघतो आणि छायाचित्रातही बरा दिसतो.